मापाला दिलेला ब्लाउज

कपड्यांच्या दुकानातल्या मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आमच्या गावात फक्त विटांनी भरलेला ट्रक बोळात शिरताना बघतात. हा इथून जाणार आहे का, आणि गेलाच तर परत कसा निघणार, एवढाच प्रश्न.

पौड रस्त्याला रेडिमेड कपड्यांची दुकानं झाली तेव्हा मी फार खूश झाले होते. शिंप्याकडचे हेलपाटे वाचणार होते. पहिल्याच दुकानात मला एल बसला आणि मी आरशासमोर अशी काही उभी राहिले की दुकानदाराला वाटलं, बाई आता भाषण करणार. शेजारच्या दुकानात एक्सेल दंडातच अडकला. दोन दुकानांच्या मध्ये एक भिंत आणि एक भज्यांची गाडी, एवढंच अंतर. तेवढ्यात मी जाड झाले असेन तर ती भजी फारच गुणाची म्हणायची. तिसऱ्या ठिकाणी मला फ्री साइज दाखवला. फ्री साइज म्हणजे सगळ्यांना बसतो, असं त्या मुलीने मला समजावलं. मी तो घालून बाहेर आले, आणि ‘सगळ्यांना’ या शब्दावर तिचा बसलेला विश्वास माझ्या डोळ्यांदेखत उडाला.

माझी माझ्या शरीराबद्दल काही तक्रार नाही. त्याने मला आजवर कुठेही न्यायला नकार दिलेला नाही. काही दारं अरुंद निघाली, तो दारांचा दोष. तक्रार आहे ती माझ्या थोरल्या जावेची.

आम्ही कासार आंबोलीत एकाच आवारात राहतो. दोन भाऊ, दोन घरं, मधे एक हापसा आणि एक शेवग्याचं झाड. जाऊबाई त्या शेवग्यावरच गेल्या आहेत. लग्न होऊन आल्या तेव्हा जेवढ्या होत्या तेवढ्याच आजही आहेत, आणि ही गोष्ट त्या पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. लग्नातला ब्लाउज अजून होतो, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश. दोन मुलगे झाले, शेती सांभाळली, सासू-सासऱ्यांचं सगळं केलं, त्याचा उल्लेख नाही. ब्लाउजचा आहे. माझी ओळख करून देताना त्या म्हणतात, “ही आमची धाकटी. खाती बरं का.” पाहुणे हसतात, मीही हसते आणि बशीतलं बिस्कीट उचलते. ओळख खरी ठरवायला नको?

आमच्या समोर पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत. त्यातल्या बायका सकाळी हाताला घड्याळ बांधून बारीक होण्यासाठी चालतात. जाऊबाईंना त्यांचं भारी कौतुक. दिवसभर भातखाचरात वाकून लावणी करणाऱ्या आमच्या बायकांनाही त्या कधीकधी सांगतात की जरा व्यायाम करत जा. त्या बायका गुडघाभर चिखलातून मान वर करून बघतात, आणि परत खाली घालतात. काही सल्ल्यांना उत्तर नसतं.

तर अशा या जाऊबाईंच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं.

मुलगी नांद्याची. घरची शेती होती, आता निम्म्या शेतीवर इमारती आहेत. त्यांची स्वतःचीही एक तीन मजली इमारत, वरच्या खोल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरींना भाड्याने दिलेल्या, आणि मागे अजून गोठा. मुलगीही हिंजवडीलाच कंपनीत. आमचा पुतण्याही. दोघांची ऑफिसं एकाच रस्त्यावर होती, पण बघायला मात्र सूमो भरून आम्ही गेलो, कारण रीत म्हणजे रीत.

मुलगी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन आली. असा पदर घेतला की बाई आणि झाकून ठेवलेलं शिलाई मशीन यांतला फरक लांबून कळत नाही. दिसतो तो चेहरा आणि पुढे केलेले हात. जाऊबाईंनी चेहरा बघितला, गोरा आहे म्हणून समाधान पावल्या, भाकरी येते का विचारलं आणि मान डोलावली. मी मात्र पोह्यांच्या बशीआधी मनगट बघितलं. भरलेलं, गोल, बांगड्या चढवताना कासाराने साबण मागावा असं मनगट. मला मुलगी तिथेच आवडून गेली. आपल्या पंथातलं कुणीतरी घरात येतंय, म्हणून मी दुसऱ्यांदा पोहे घेतले.

मग आली साखरपुड्याची तयारी, आणि तिच्याबरोबर तो ब्लाउज.

आमच्याकडे साखरपुड्याला मुलगी आधी माहेरची साडी नेसून पाटावर बसते. मुलाकडची मंडळी तिला साडी देतात. ती घेऊन ती आत जाते, आणि आमची साडी नेसून बाहेर येते. तशी ती बाहेर आली, की ती आमची झाली. त्या साडीवरचा ब्लाउजही मुलाकडच्यांनीच शिवून न्यायचा. आता तो शिवायचा कसा? मुलीला टेप लावून? छे. लग्नाआधी मुलीने मुलाकडच्यांच्या शिंप्यासमोर उभं राहायचं म्हणजे काय? मुलीकडून तिला नीट बसणारा एक ब्लाउज मागवून घ्यायचा आणि तो शिंप्याला द्यायचा. शिंपी त्या ब्लाउजचं माप घेतो, मुलीचं नाही. या पद्धतीत सगळ्यांची अब्रू राहते. श्वास राहील की नाही, ते मुलीच्या नशिबावर.

नांद्याहून मापाचा ब्लाउज आला तो मिठाईच्या दुकानाच्या पिशवीतून. गुलाबी, गळ्याला टिकल्या. जाऊबाईंनी तो दिवाणावर पसरून ठेवला आणि भावकीतल्या बायकांना निरोप धाडले. बायका आल्या. पाच मिनिटं दर्शन, मग चहा. जाऊबाई प्रत्येक खेपेला त्या ब्लाउजच्या पाठीवर आपली वीत ठेवून दाखवत.

“बगा. चवळीची शेंग हाय, चवळीची.”

बायका “व्हय की” म्हणत आणि आपापला पदर सारखा करत. माझ्या नणंदेने तर तो उचलून उजेडात धरला, जणू नोट खरी आहे का बघत होती. मी बाहीत हात घालून पाहिला. माझी बोटं आत गेली आणि मुठीपाशी थांबली. मला नांद्याचं ते मनगट आठवलं. मी म्हटलं, “ताई, ही बाही त्या पोरीच्या मनगटाला होईल एखादवेळेस. दंडाला काय घालायचं?”

“तुला समद्या आपल्यासारक्याच दिसत्यात,” जाऊबाई म्हणाल्या. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. बिस्किटं संपली होती, नाहीतर उचललं असतं.

शिंपी पौडला, एसटी स्टँडसमोर. मास्तरांच्या गळ्यात टेप असते, पण ती डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखी, लोकांना खात्री वाटावी म्हणून. त्या टेपने त्यांनी कुणाला मोजलेलं मी पाहिलेलं नाही. “मापाचा आणलाय ना?” एवढंच ते विचारतात, आणि मग “गुरुवारी या” म्हणतात. कोणत्या गुरुवारी, ते विचारायचं नसतं. आजवर त्यांनी शिवलेला एकही ब्लाउज मापाच्या ब्लाउजसारखा झालेला नाही. कधी गळा उतरतो, कधी खांदा चढतो. ही त्यांची चूक म्हणून आम्ही वर्षानुवर्षं बोलत आलो. पण तीच आमची सोय होती, हे मला नंतर कळलं.

मास्तरांच्या टेबलावर आमची जांभळी साडी आणि तो गुलाबी ब्लाउज शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मी शेवटचा प्रयत्न केला.

“मास्तर, आत माया भरपूर ठेवा.” माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, घट्ट झालं की उसवून सोडता येतं. आमच्याकडच्या शहाण्या बायका ती भरपूर ठेवायला सांगतात आणि कारण सांगत नाहीत.

जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शुभकार्यात शिंकले. “माया कशापायी? काठाला घडी पडती. काय फुगनार हाय व्हय पोरगी? कापून टाका मास्तर. फिटिंग कसं चापूनचोपून पायजे. आन् ह्येच्या परमानं शिवा, दोऱ्याचा बी फरक नको.”

जाऊबाईंच्या सुरात काहीतरी होतं. मास्तरांनी पहिल्यांदाच टेप गळ्यातून काढली.

इकडे आमच्या पुतण्याचा सूट शिवायला टाकला. त्याच्या मापाची पँट कुणी कुठून मागवली नाही. तो स्वतः दुकानात गेला, हात पसरून उभा राहिला, एकाने मोजलं आणि दुसऱ्याने लिहून घेतलं, मधे त्याला थंड प्यायला दिलं. ट्रायलला कोटाचं बटण लागेना, तर त्यांनी हसत हसत कोटाच्या आतली माया सोडून दिली. पुढच्या ट्रायलला पुन्हा लागेना, पुन्हा सोडली. जाऊबाई म्हणाल्या, खात्यापित्या घरचा दिसतोय. आता हेच खाणंपिणं माझ्या अंगावर असलं तर तो दोष, आणि पोराच्या पोटावर असलं तर ती घराची शोभा. हापसा तोच, चूल तीच.

साखरपुडा नांद्याला, त्यांच्या इमारतीपुढे मांडव घालून होता. मुलीला साडी नेसवायला मुलाकडची एक सवाष्ण आत जाते, तो मान मला मिळाला. खरं तर मान जाऊबाईंचा, पण त्यांना बाहेर खुर्चीवर बसून अहेर बघायचे होते. मुलगी माहेरची पोपटी साडी आणि त्यावर पोपटी ब्लाउज घालून पाटावर बसली, कुंकू लावून घेतलं, आमची साडी हातात घेतली, आणि तिची आई, ती आणि मी असं तिघी जिना चढून वर गेलो. वरची एक खोली भाडेकरू मुलींनी त्या दिवसापुरती रिकामी करून दिली होती. लोखंडी कॉट, भिंतीला आरसा, आरशावर टिकल्यांची रांग.

पिशवीत आमचा जांभळा ब्लाउज होता आणि त्याखाली परत करायला आणलेला तो गुलाबी. मुलीने जांभळा हातात घेतला, उलगडला आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं बोलणं एकदम थांबलं.

“घाल, घाल, वेळ नको,” तिची आई म्हणाली, आणि माझी नजर चुकवून कॉटवरची चादर सारखी करायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की मनगटाचा हिशोब बरोबर आहे.

बाही कोपरापर्यंत आली आणि तिने तिथे मुक्काम केला. आई ओढतेय, मी धरतेय, मुलगी भिंतीकडे बघतेय.

“श्वास आत घे,” आई म्हणाली.

“आई, हातात श्वास नसतो.”

अंगाला धरून बघितलं, तर पुढची हुकं एकमेकांना भेटण्याच्या गोष्टीही करत नव्हती. मधली फट एवढी की घडी घातलेलं वर्तमानपत्र सहज बसलं असतं. आई म्हणाली, तुमच्या शिंप्याने घोटाळा केला. मी मुकाट्याने पिशवीतला गुलाबी काढला आणि दोन्ही कॉटवर एकावर एक ठेवले. कड कडेवर, बाही बाहीवर, कुठे दोऱ्याचाही फरक नाही. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं तसं शिवलं होतं. आत चाचपून बघितलं, मायेचं कापड पुसून काढल्यासारखं नाहीसं झालेलं. सोडायचं तर काय सोडायचं?

मग तिच्या आईने कॉटच्या कडेला बसून सगळं सांगितलं, आणि मी एवढ्या मन लावून ऐकलं की माझं मलाच कौतुक वाटलं. तो गुलाबी ब्लाउज कॉलेजच्या एका कार्यक्रमातला. त्यानंतर मुलगी नोकरीला लागली, खुर्चीत बसून काम, रात्रीअपरात्री मीटिंगा, घरातूनच ऑफिस. तिच्याकडे तिला होणारा एकच ब्लाउज, अंगावरचा हा पोपटी, गेल्या दिवाळीतला. आमचं “माप पाठवा” आल्यावर तो द्यायची आईला लाज वाटली. मुलाची आई एवढी सडसडीत, ती काय म्हणेल? म्हणून जुना दिला, आणि मुलीला सकाळ-संध्याकाळ काकड्या सुरू केल्या. साखरपुड्यापर्यंत उतरेल, असा हिशोब. मुलीला यातलं काही सांगितलं नाही. काकड्या कशासाठी हे कळलं नाही, पण काकड्या झाल्यावर ती कँटीनमध्ये वडापाव खायची, हे तिने आत्ता सांगितलं.

लोक ध्येय भिंतीवर लिहून ठेवतात. या माउलीने ते आमच्या शिंप्याकडे पाठवलं होतं.

खालून गुरुजींचा माइकवरचा आवाज आला, मुलीला आणा. आई उठली आणि सेफ्टी पिना शोधायला लागली. हुकं उघडी राहू देत, म्हणाली, हात तेवढे बाहीत कसेतरी घाल, वरून पदर दोन्ही खांद्यांवरून घे, कुणाला कळणार नाही.

मुलगी परकरावर, अंगाला टॉवेल गुंडाळून कॉटवर बसली होती. तिने जांभळा ब्लाउज घडी घालून गुलाबीवर ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली.

“काकू, मला तो आवडतो. पण त्याच्या घरी मी रोज ह्या ब्लाउजएवढी व्हायला नाही येणार. मी माझाच पोपटी घालते. साडी तुमची, ब्लाउज माझा.”

आईने कपाळाला हात लावला. हे दिसायला किती सोपं आहे, पण खाली मांडवात आमच्या सगळ्या भावकीने त्या गुलाबी ब्लाउजचं दर्शन घेतलेलं. जांभळ्या साडीवर पोपटी ब्लाउज घालून मुलगी बाहेर आली, की पहिली नजर जाणार ब्लाउजवर, दुसरी जाऊबाईंवर. मुलाकडचा ब्लाउज मुलीला बसला नाही, हे माइक नसतानाही हिंजवडीपर्यंत पोचणार. साखरपुडे याहून किरकोळ गोष्टींवर अडलेले मी पाहिले आहेत. मानाची टोपी लहान निघाली म्हणून एका मामाने मांडव सोडला होता.

आणि तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. जाऊबाई.

त्या दारात उभ्या राहिल्या. टॉवेलातली मुलगी, उघडी पिनांची डबी, कॉटवरचे ते दोन ब्लाउज. शेवग्याच्या शेंगेला जेवढं ताठ होता येतं तेवढ्या ताठ झाल्या. मुलीच्या आईकडे वळून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “विहीणबाई, पोरगी तीच हाय नव्हं? का मापासंगं ती बी दुसऱ्याची धाडली?”

विहीणबाईंनीही गोडच उत्तर दिलं, की पोरगी तीच आहे, तुमच्याकडे डोळे भरून बघायची पद्धत नाही म्हणून चुकामूक झाली असेल. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. असं हसणं बघायला मिळालं की मला वाटतं, मी उगाच टीव्हीचं रिचार्ज मारते.

जाऊबाई मग मुलीकडे वळल्या आणि कामाचं बोलल्या. झालं ते झालं. तुझाच ब्लाउज घाल, पण पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घे, ओटीच्या वेळीही सोडू नकोस, म्हणजे झाकून जाईल.

“नको, आई,” मुलगी म्हणाली. ‘आई’ म्हणायचं हे तिच्या आईने तिच्याकडून पाठ करून घेतलं असणार. पण ‘नको’ तिचं स्वतःचं होतं. “आज झाकलं तर लग्नात झाकावं लागेल. मग घरात. मी अशीच आहे. तुम्हाला चालत नसेल तर ही साडी मी घडी घालून देते, खाली काय सांगायचं ते बाबा सांगतील. पण पदर एका खांद्यावरच राहील.”

गुरुजींनी पुन्हा हाक मारली. मी खिडकीतून खाली बघितलं. पुतण्या कोटाचं बटण उघडं टाकून जिन्याकडे बघत होता.

“त्याला म्हाईत हाय?” जाऊबाईंनी विचारलं.

“काय?”

“ह्येच. तुजं.”

मुलगी पहिल्यांदाच हसली. “आम्ही रोज एकत्र जेवतो, आई. कँटीनमध्ये.”

आता जाऊबाईंच्या तोंडावर जे उमटलं ते मी जन्मभर विसरणार नाही, आणि कधी कंटाळा आला की काढून बघते. सूमो भरून गेलो, पोहे खाल्ले, मनगटं आणि चेहरे तपासले, आणि पोरं इकडे आधीपासून वडापाव वाटून खात होती. जाऊबाईंनी तो घडी घातलेला जांभळा ब्लाउज उचलून पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, “बिगी बिगी नेस. गुरुजी वरडाया लागल्यात.” आणि खाली निघून गेल्या. हो म्हणाल्या की नाही, ते कुणालाच कळलं नाही. विहीणबाई मला विचारायला लागल्या. मी म्हटलं, निऱ्या करू या, निऱ्यांनी कुणाचं नुकसान होत नाही.

जांभळ्या साडीवर पोपटी ब्लाउज. खरं सांगते, देखणी दिसत होती. पदर एका खांद्यावर, नीट पिन लावलेला, दंड मोकळे. जिना उतरून ती मांडवात आली आणि बायकांच्या रांगेत कुजबुज अशी पसरली जसा पत्रावळींवर वारा पसरतो. ती पाटावर बसली. मी मागे उभी राहिले, अगदी जवळ, म्हणजे काही चुकायला नको.

आमची नणंद गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने पुढे वाकून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात विचारलं, “वैनी, ब्लाउज आपला न्हाई का घातला?”

जाऊबाई ओटीचे तांदूळ सुपात सारखे करत होत्या. मान वर न करता त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिनं घोळ घातला टेलरकडं. हिला म्यां सांगितलं व्हतं.”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी काय करणार? एवढे प्रेक्षक मला माझ्या लग्नातही मिळाले नव्हते. मी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली, आणि जाडसर गुन्हेगार बाईची भूमिका मनापासून करायला घेतली. चालून गेलं असतं. मला खरोखर काही वाटलं नसतं. घरात कुणावर तरी ढकलायचं असतं, आणि ढकललं तरी मी सहसा पडत नाही.

पण मुलगी म्हणाली, “काकूंनी नाही. ब्लाउज बरोबरच शिवला होता. मापाला दिलेला माझा जुना होता. आता मला तो बसत नाही.”

आवाज काही चढवला नव्हता. गुरुजींनी मात्र पुढच्या मंत्रासाठी माइक तिच्या समोर आणून ठेवला होता. मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत, मागे जिलेबी तळणाऱ्या आचाऱ्यापर्यंत, गोठ्यापर्यंत ते स्पष्ट गेलं. आता मला तो बसत नाही. आचाऱ्याने झाऱ्या थांबवला. विहीणबाईंनी डोळे मिटले. पुतण्या पाटावरून अर्धा उठला. कोणाला काय बोलायचं ते त्याला सुचेना, पण उठला हे मी बघितलं आणि त्याचं पोट त्याला माफ केलं.

गुरुजींनी माइक उचलून पलीकडे ठेवला आणि जाऊबाईंकडे बघितलं. ओटी भरायची वेळ होती. ओटी सासूने भरायची, नाही भरली तर पुढचं काही नाही. सूप हातात घेऊन जाऊबाई तशाच उभ्या. सगळ्या भावकीने पदर सारखे करायचेही थांबवले.

मग त्या खाली बसल्या. मुलीने पदर पुढे पसरला. जाऊबाईंनी खण ठेवला, नारळ ठेवला, मुठी भरभरून तांदूळ घातले, आणि हळद लावायला पुढे वाकल्या तेव्हा पुटपुटल्या. मंत्र चालू होते, मागे उभ्या असलेल्या माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल.

“बसतंय त्येच घालायचं. पर मला आदी सांगायचं.”

“तुम्ही मला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं,” मुलगी म्हणाली.

जाऊबाईंनी तिला कुंकू लावलं, जरा जास्तच मोठं, आणि तांदळाची आणखी एक मूठ तिच्या ओटीत टाकली.